टक्केवारी आणि तंबोरा

दर तीन महिन्यांनी वर्तमानपत्रांच्या व्यापारविषयक पानावर एक बातमी ठरल्या वेळी येते. स्मार्टफोनच्या बाजारपेठेत अमुक कंपनी पहिली आली, तमुक दुसऱ्या क्रमांकावर घसरली, एकीचा हिस्सा दोन टक्क्यांनी वाढला, दुसरीचा तितकाच उतरला. गाण्याच्या शिकवण्या करणाऱ्या माणसाला या बातमीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, आजमितीला माझ्या वर्गात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलामुलीचा तंबोरा, तबला आणि रियाजाची वही या तिन्ही गोष्टी त्या एका यंत्रातच आहेत. आणि ज्या बाजारात आपला तंबोरा मिळतो त्या बाजाराची खबर ठेवण्याची चाल गवयांच्या घरात जुनीच आहे. मिरजेहून कोणत्या कारागिराचा तंबोरा यावयाचा, यंदा भोपळे कसे निघाले, जवारी कोण चांगली लावतो, याची चौकशी आमच्या आजोबांच्या बैठकीत रागदारीइतक्याच गांभीर्याने होत असे.

तेव्हा प्रथम हा 'हिस्सा' म्हणजे काय ते पाहू. आयडीसी, काउंटरपॉइंट अशा बाजारपेठेची मोजदाद करणाऱ्या संस्था हे आकडे काढतात. बहुधा मोजले जातात ते कारखान्यातून विक्रेत्यांकडे रवाना झालेले नग; गिऱ्हाइकाच्या हातात पडलेले नव्हेत. दिवाळीच्या तोंडावर दुकानदारांनी कोठारे भरली की हिस्सा वाढलेला दिसतो, आणि माल पडून राहिला की पुढल्या तिमाहीत तोच उतरतो. दोन संस्थांचे आकडेही तंतोतंत जुळत नाहीत, कारण दोघींच्या अंदाज बांधण्याच्या रीती निराळ्या. शिवाय नगांची मोजणी वेगळी, पैशांची वेगळी, आणि लोकांच्या खिशात आज चालू असलेल्या फोनांची आणखी वेगळी. मैफलीला किती माणसे आली ही एक मोजणी, तिकिटे किती रुपयांची खपली ही दुसरी, आणि भैरवीपर्यंत कोण बसून राहिले ही तिसरी; तिन्हींची उत्तरे क्वचितच एक येतात.

उदाहरणे द्यायची तर, आयडीसीच्या मोजणीप्रमाणे २०१६ साली जगभर सुमारे १४७ कोटी स्मार्टफोन बाजारात गेले. २०२४ साली सुमारे १२४ कोटी. म्हणजे पहिल्या क्रमांकासाठी जी झटापट चालते ती वाढत्या पंगतीतली नव्हे. २०२३ साली ऍपलने वर्षभराच्या नगांत सॅमसंगला प्रथमच मागे टाकले. आपल्या देशात २०२४ साली नगांच्या यादीत विवो ही चिनी कंपनी वर होती, पण किमतीच्या हिशेबाने पाहिले तर ऍपल आणि सॅमसंग ही नावे वर येत. एकच वर्ष, एकच बाजार, आणि पहिला नंबर कोणाचा हे मोजणाऱ्याच्या प्रश्नावर अवलंबून.

परंतु या टक्केवारीचा खरा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर नोकियाची कथा पाहिली पाहिजे. ती आपल्या सर्वांच्या घरातून गेलेली कथा आहे.

नोकिया हे फिनलंडमधल्या एका लहानशा गावाचे नाव. १८६५ साली फ्रेडरिक इडेस्टाम नावाच्या गृहस्थाने तांपेरे शहरात लाकडाच्या लगद्याची गिरणी काढली. दुसरी गिरणी नोकियात निघाली आणि तेच नाव कंपनीला चिकटले. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे ही कंपनी कागद, रबरी बूट, तारा, दूरचित्रवाणीसंच असे नाना उद्योग करीत होती. १९९२ साली योर्मा ओलिला यांच्या हाती सूत्रे आल्यावर तिने बाकीचे पसारे आवरून दूरध्वनीवर लक्ष एकवटले. १९९८ साली अमेरिकेच्या मोटोरोलाला मागे टाकून ती जगातली सर्वांत मोठी मोबाइल फोन बनविणारी कंपनी झाली. २०००च्या सुमारास फिनलंडच्या एकूण राष्ट्रीय उत्पन्नातले सुमारे ४ टक्के या एका कंपनीचे होते.

तिच्या घंटीबद्दल संगीताच्या माणसाने दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. नोकियाची ती प्रसिद्ध धून कोणा जाहिरातवाल्याने बसवलेली नाही. फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाने १९०२ साली रचलेल्या 'ग्रान व्हाल्स' या वाद्यरचनेतला तो तेरा स्वरांचा तुकडा आहे. स्वर सगळे शुद्ध, आपल्या भाषेत बिलावल थाटाचे. लय तीन-तीन मात्रांची, म्हणजे आपल्या दादऱ्यावर सहज टाळी पडावी अशी. तारेगा १९०९ साली वारला. १९९४ साली ती धून फोनवर चढली आणि पुढे कंपनीने तिची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणीही केली. योगायोग असा की, तारेगाने ती रचना केली त्याच १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानच्या आवाजाच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि हिंदुस्थानी गाणे प्रथमच यंत्रात शिरले. एका सालच्या या दोन गोष्टी शंभर वर्षांनी एकाच खिशात येऊन बसल्या.

आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीत सुखराम यांच्याशी मोबाइलवरून पहिले संभाषण केले ते नोकियाच्याच फोनवर. त्या काळी मिनिटाला १६ रुपयांपर्यंत आकार पडे आणि आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत. १९९८ साली नोकियाने आपल्या ५११० या फोनवर 'सारे जहाँ से अच्छा'ची धून घातली. २००० साली ३२१० वर हिंदी अक्षरे आणली. २००३ साली आला तो ११०० हा फोन. धुळीचा त्रास होऊ नये अशी त्याची एकसंध रबरी बटणे, घाम आलेल्या हातातून निसटू नये अशी पाठ, आणि डोक्यावर बत्ती. जगभर असे २५ कोटींवर फोन खपले. वाडीतल्या, घडियाळी पोळातल्या जुन्या वाड्यांचे अंधारे जिने आठवा, म्हणजे ती बत्ती कोणासाठी होती हे वेगळे सांगावे लागणार नाही. त्या वर्षांत भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांपैकी निम्म्याहून अधिक नोकियाचे असत.

मग हे साम्राज्य गेले कसे? लोक सांगतात की आयफोन आला आणि नोकिया बुडाली. २००७च्या जानेवारीत आयफोन जाहीर झाला, जूनअखेर विक्रीस आला, हे खरे. परंतु बुडणे इतके सरळ झाले नाही. नोकियाचे स्मार्टफोन २००९ साली पावणेसात कोटींच्या आसपास गेले, २०१० साली दहा कोटींच्या आसपास. विक्री वर्षात जवळजवळ दीडपट झाली. आणि त्याच वर्षात तिचा हिस्सा ३९ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आला. कारण बाजारच तिच्याहून वेगाने वाढत होता. कारखान्याच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला गाड्या भरभरून जाताना दिसत होत्या. तोटा दिसत होता तो फक्त टक्केवारीच्या रकान्यात. टक्केवारीची निंदा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. कधी कधी तीच एकटी खरे बोलत असते.

दोष यंत्राच्या बांधणीत नव्हता. नोकियाचा फोन जिन्यावरून पडला तरी चालत असे, ही गोष्ट आपण सर्वांनी अनुभवली आहे. दोष होता आतल्या कार्यप्रणालीत. तिचे नाव सिंबियन. थोडी स्मरणशक्ती आणि बटणांचा फलक यांच्यासाठी घडवलेली ती व्यवस्था बोटांनी चालणाऱ्या पडद्यावर अवघडली. तिच्यासाठी नवीन ऍप लिहिणे किचकट. एका फोनवर चालणारे दुसऱ्यावर चालेलच असे नाही. इकडे गूगलने अँड्रॉइड ही प्रणाली कोणाही कंपनीला विनामूल्य वापरू दिली. २००८ साली तिचा पहिला फोन निघाला. सॅमसंगपासून चीनमधल्या छोट्या कारखान्यांपर्यंत सर्वांनी ती उचलली, आणि ऍप लिहिणारी मंडळी गर्दी असेल तिकडे गेली. नोकियाने २०११च्या फेब्रुवारीत सिंबियन बाजूला ठेवून मायक्रोसॉफ्टची विंडोज प्रणाली घेण्याचे जाहीर केले. पण नवे फोन तयार होण्याच्या आतच जुन्यांवरचा लोकांचा विश्वास उडाला. २०१२च्या पहिल्या तिमाहीत सॅमसंगने तिला मागे टाकले. चौदा वर्षांचे पहिले स्थान गेले. सप्टेंबर २०१३ मध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला ५४४ कोटी युरोंना विकल्याचे जाहीर झाले, आणि २०१५ साली मायक्रोसॉफ्टने त्यापायी ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले.

या कथेतला एक भाग व्यापाराच्या पानावर थोडक्यात येऊन गेला. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथे नोकियाने २००६ साली मोठा कारखाना काढला होता. हजारो कामगार, त्यांत तरुण मुलींची संख्या मोठी. कित्येकजणींच्या घरातला तो पहिलाच पगार. फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला तेव्हा हा कारखाना करवसुलीच्या वादात अडकलेला असल्याने त्या व्यवहारातून वगळला गेला. मागणी देणारे कोणी उरले नाही आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये काम थांबले. २०१९ साली ती जागा सालकॉम्प या चार्जर बनविणाऱ्या कंपनीने घेतली आणि तेथे पुन्हा हातांना काम लागले. पण मधल्या पाच वर्षांत त्या मुली कोठे गेल्या, याचा रकाना तिमाहीच्या कोष्टकात नसतो.

आम्हा बडोदेकरांना ही गोष्ट परकी वाटू नये. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्या दिवसाच्या इतिहासात महाराजांचे, मंत्र्यांचे, तहनाम्यांचे उल्लेख आहेत. कलावंत कारखान्यात ज्यांची नावे होती त्या गवयांचे, सनईवाल्यांचे, तंबोरे सांभाळणाऱ्या माणसांचे पुढे काय झाले, हे त्यांच्या घरच्यांनीच सांगायचे. माझे वडील त्या वर्षी पंधरा वर्षांचे होते. आजोबांच्या मागे तंबोरा धरून दरबारात बसत. पुढे राजवाड्यातल्या गणपतीपुढची हजेरी त्यांच्याकडे अनेक वर्षे राहिली, म्हणून गावातले लोक त्यांना शेवटपर्यंत दरबारचेच गवई समजत. पोट मात्र शिकवण्यांवर भरले. ते म्हणत, "दरबार गेला त्याचे दुःख नाही, ऐकणारा गेला त्याचे आहे."

नोकियानंतर भारताच्या बाजारात पहिले स्थान फिरतेच राहिले. २०१४-१५च्या सुमारास मायक्रोमॅक्स ही आपली देशी कंपनी सॅमसंगशी बरोबरी करू लागली होती. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली. तिच्यासाठी ४जीचा फोन लागे, आणि देशी कंपन्यांकडे जुन्या ३जीच्या फोनांचा साठा पडून होता. नोव्हेंबरात नोटाबंदी आली आणि रोखीने फोन घेणारे गिऱ्हाईक थबकले. चिनी कंपन्या स्वस्त ४जी फोन घेऊन उभ्याच होत्या. २०१७च्या शेवटच्या तिमाहीत शाओमीने सॅमसंगला मागे टाकले. दरबार बदलत राहिले. आपल्या रावपुऱ्यातल्या मरीमातेच्या खांच्यातल्या दुकानांवरच्या पाट्या तेवढ्याच वेळा रंगवल्या गेल्या.

आता माझ्या वर्गाकडे वळतो. भारतात शंभरांतले नव्वदांहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडचे आहेत. तरीसुद्धा संगीताची चांगली ऍपे कित्येक वर्षे आधी आयफोनवर येत आणि मागाहून, आलीच तर, अँड्रॉइडवर. याचे एक कारण पैसे मोजणारे गिऱ्हाईक तिकडे अधिक, हे तर आहेच. दुसरे कारण नादाचे आहे. ऍपलची ध्वनियंत्रणा तिच्या संगणकांवरून आली, आणि त्या संगणकांवर संगीतकार पूर्वीपासून काम करीत होते. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या वर्षांत पडद्यावरच्या पेटीला बोट लावणे आणि सूर उमटणे यांत सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही अधिक अंतर पडे. बोलणाऱ्याला ते जाणवत नाही. पण मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा पाव सेकंदाची. तेथे हे अंतर जवळजवळ अर्ध्या मात्रेचे झाले. मुलगा समेवर येतो आणि त्याचा सूर सम टळून गेल्यावर येतो! २०१२ पासून यात सुधारणा होत गेली, २०१७ साली अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीत संगीताच्या कामासाठी निराळी सोयच करण्यात आली. पण तोपर्यंत नव्वद टक्क्यांच्या बहुमताला जवळजवळ नऊ वर्षे उशिराचा सूर ऐकावा लागला.

हीच गोष्ट २०२०च्या टाळेबंदीत अधिक ठसठशीत दिसली. वर्ग फोनवरून घ्यावे लागले तेव्हा मी इकडे तंबोरा लावून बसे आणि पलीकडून मुलगी विचारी, "सर, तंबोरा बंद आहे का?" संभाषणाची ही साधने सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर असे समजतात आणि तो काढून टाकतात. माणसाचे बोलणे तेवढे ठेवायचे, अशी त्यांची शिकवण. म्हणजे आपल्या संगीतात ज्याला आधार म्हणतात नेमकी तीच वस्तू यंत्राच्या लेखी कचरा ठरली. झूम या साधनात त्याच वर्षी संगीतकारांसाठी आवाज आहे तसा पोचवण्याची सोय आली, कारण जगभरच्या संगीतशिक्षकांची अडचण एकच होती. ती सोय शोधून चालू करावी लागते. आपोआप चालू असते ती बोलणाऱ्यांची.

आणि आता ज्या कारणासाठी एवढे लिहिले तिकडे येतो. २००८ ते २०११ या वर्षांत माझ्या वडिलांनी मला आणि दोन विद्यार्थ्यांना दिलेली तालीम फोनवर मुद्रित झालेली होती. फोन कोणत्या कंपनीचा हे सांगण्याचे प्रयोजन नाही. तशा प्रकारचे फोन सर्वच कंपन्या करीत. वडील २०११ साली गेले. फोन पुढे चालेनासा झाला, त्याचा चार्जर मिळेना. मरीमातेच्या खांच्यातल्या एका कसबी कारागिराने जुन्या दोन फोनांचे भाग एकत्र करून तो चालू केला आणि आतली मुद्रणे बाहेर काढून दिली. छोटी-मोठी मिळून एकेचाळीस निघाली. मारव्यातला ऋषभ कोठे ठेवायचा, दरबारीतल्या गांधाराला किती वेळ झुलवायचे, बंदिशीतला कोणता शब्द तोडायचा नाही. सारे त्यांच्या आवाजात.

तंबोरा मात्र जवळजवळ ऐकूच येत नाही. ही मुद्रणे एएमआर नावाच्या पद्धतीची आहेत. ती १९९९च्या सुमारास मोबाइलवरच्या बोलण्यासाठी ठरवली गेली. तिच्यात सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने घेतात, त्यामुळे ४,००० कंपनांच्या वरचे काहीच त्यात मावत नाही. प्रत्यक्षात ३,४००च्या आसपासच मर्यादा येते. शिवाय मनुष्याचा गळा बोलताना कसा चालतो याचा नमुना मनात धरून ती आवाज लहान करते. जवारीतून जी झिलई निघते तिचा मोठा भाग या मर्यादेच्या पलीकडचा. परिणामी वडिलांचा आवाज आहे, त्यांचे शब्द आहेत, आणि ज्या नादात ते गात होते तो नाद पुसला गेला आहे.

फैयाजखाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकांचा काळ आठवावा. तीन-सव्वातीन मिनिटांत राग आटपावा लागे. तक्रारी तेव्हाही होत्या. पण ती तबकडी आजही कोणत्याही कंपनीच्या जुन्या यंत्रावर सुईखाली धरली की बोलते. कारण आवाज तिच्या खाचेत उघडा आहे, त्यावर कोणाच्या प्रणालीचे कुलूप नाही. फोनमधली तालीम ही कंपनीच्या चार्जरची, प्रणालीची आणि पद्धतीची तिहेरी ओलीस असते. कंपनीचा हिस्सा ४० टक्क्यांवरून शून्याकडे गेला की तिची दुरुस्ती करणारे हात कमी होतात, सुटे भाग संपतात, आणि मग ती तिमाहीची बातमी आपल्या घरातल्या कपाटापर्यंत येऊन पोचते. सिंबियन गेली, ब्लॅकबेरीची जुनी प्रणालीही ४ जानेवारी २०२२ पासून कंपनीने सोडून दिली. उद्या आज वर असलेल्या नावांपैकी कोणाची पाळी येईल हे सांगता येत नाही, पण कोणाची तरी येईल हे गेल्या तीस वर्षांच्या कोष्टकांवरून स्पष्ट आहे.

म्हणून आपल्या गावातल्या जुन्या घरांना विनंती आहे. कोणाकडे आजीच्या ओव्या असतील, कोणाकडे काकांचे कीर्तन, कोणाकडे मंगळागौरीची गाणी म्हणणाऱ्या आत्याबाईंचा आवाज. हे सारे आज कपाटातल्या बंद पडलेल्या फोनांत निजलेले आहे. फोन अजून सुरू होत असेल तर याच आठवड्यात ते संगणकावर उतरवून घ्यावे; मूळ फाइल आहे तशी ठेवावी आणि तिची एक प्रत साध्या, न दाबलेल्या वेव्ह स्वरूपात करावी. प्रती निदान तीन असाव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी. कोण गाते आहे, कोणत्या साली, कोठे बसून, हे फाइलच्या नावात किंवा सोबतच्या कागदावर लिहावे. आवाज राहतो आणि नाव हरवते असे आमच्या क्षेत्रात फार वेळा झाले आहे. ज्यांचे वडीलधारे आज गात आहेत त्यांनी नवे मुद्रण करताना फोनमधल्या बोलण्याच्या साधनावर विसंबू नये. पूर्ण आवाज टिपणारे ऍप घ्यावे, आवाज गाळण्याची सोय बंद करावी, आणि तंबोरा गाणाऱ्यापेक्षा फोनच्या जवळ ठेवावा.

ज्यांना हे जमत नसेल त्यांनी रविवारी सकाळी माझ्या वर्गावर फोन घेऊन यावे. माझे दोन विद्यार्थी या कामात तयार झाले आहेत. मोबदला घेत नाहीत. एवढेच म्हणतात की, उतरवताना जे निघेल ते एकदा त्यांनाही ऐकू द्यावे.